रंगनाथन : ग्रंथालयशास्त्राचे आद्य विद्यार्थी

१

भारतीय विद्यापीठांमध्ये ग्रंथालयशास्त्राला पदव्युत्तर अध्ययनाचा व संशोधनाचा विषय म्हणून प्रथम प्रतिष्ठा लाभली ती दिल्लीत. १९४७ साली दिल्ली विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांच्या निमंत्रणावरून शियाळी रामामृत रंगनाथन येथे आले आणि १९५४ पर्यंत त्यांनी येथे अध्यापन केले. त्यापूर्वी या विषयाचे शिक्षण देशात मुळीच नव्हते असे नाही. मराठी भाषकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाने १९११ सालीच ग्रंथपालनाचा वर्ग चालविला होता. लाहोर, मद्रास, मुंबई येथेही पुढे असे वर्ग निघाले. परंतु या शिक्षणाचे स्वरूप मुख्यतः नोकरीपूर्व प्रशिक्षणाचे होते. ग्रंथपालाच्या कामाच्या मुळाशी काही सिद्धांत असतात, ते तपासता येतात, खोडून काढता येतात व त्यांत नवी भर घालता येते, ही दृष्टी विद्यापीठाच्या पातळीवर रुजली ती रंगनाथनांमुळे.

आज या शास्त्राचा विद्यार्थी बहुधा वर्गात बसत नाही. १९८५ साली स्थापन झालेल्या आणि दिल्लीच्या मैदानगढी भागात मुख्यालय असलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने हा विषय देशभर घरोघरी पोहोचविला. त्यानंतर दूरस्थ शिक्षणाला संगणकाची व आंतरजालाची जोड मिळाली. नोएडात किंवा गुरुग्राममध्ये दिवसभर नोकरी करून रात्री पडद्यावर व्याख्यान ऐकणारा पदव्युत्तर विद्यार्थी हे आता नित्याचे दृश्य आहे. अशा विद्यार्थ्यापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. ग्रंथालयापासून दूर राहून ग्रंथालयशास्त्र शिकता येते काय? या प्रश्नाचे उत्तर शिक्षणशास्त्राच्या चर्चेपेक्षा रंगनाथनांच्या चरित्रातून अधिक स्पष्टपणे मिळते. कारण ज्या शास्त्राचे ते आचार्य झाले, त्याचे औपचारिक शिक्षण त्यांना अवघे काही महिने मिळाले होते. उरलेले सारे त्यांनी ज्या रीतीने मिळविले, ती रीत हाच त्यांच्या चरित्राचा गाभा आहे.

२

रंगनाथनांचा जन्म १८९२ सालच्या ऑगस्टमध्ये तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील शियाळी, म्हणजे आजचे सीरकाळी, या गावी झाला. तंजावर हे नाव मराठी अभ्यासकाला परके नाही. भोसल्यांच्या या राज्यात सरफोजी महाराजांनी जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत व तमिळ पोथ्यांबरोबर मराठी हस्तलिखितांचाही मोठा संग्रह आहे. रंगनाथनांचे घराणे मात्र राजाश्रयातले नव्हते. वडील रामामृत अय्यर हे साधे जमीनदार होते व गावात रामायणाचे निरूपण करीत. मुलगा सहा वर्षांचा असतानाच ते निवर्तले आणि त्याचे संगोपन आई सीतालक्ष्मी व आजोळची मंडळी यांनी केले.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून रंगनाथनांनी १९१३ मध्ये बी. ए. व १९१६ मध्ये गणित विषयात एम. ए. ही पदवी घेतली. तेथील प्राध्यापक एडवर्ड रॉस यांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. त्यानंतर त्यांनी सैदापेठच्या अध्यापक महाविद्यालयात अध्यापनशास्त्राचे शिक्षण घेतले. बोलताना ते अडखळत असत. अध्यापकाच्या व्यवसायात हे व्यंग किती जाचक असते हे सांगावयास नकोच. परंतु चिकाटीने त्यांनी त्यावर मात केली आणि मंगळूर, कोइमतूर व पुढे मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे गणिताचे नाणावलेले अध्यापक म्हणून लौकिक मिळविला. व्याख्यानात सारे सांगून टाकण्यापेक्षा विद्यार्थ्याला ग्रंथालयात पाठवून त्याच्याकडून शोध घडवून आणणे त्यांना अधिक पसंत होते. ग्रंथपाल होण्यापूर्वीच ते ग्रंथालयाचा उपयोग करून घेणारे शिक्षक होते, ही बाब पुढील घडामोडी समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

३

१९२३ मध्ये मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद निर्माण केले. सुमारे ९०० अर्ज आले होते, परंतु त्या विषयाचे रीतसर शिक्षण घेतलेला उमेदवार मिळणे दुर्घटच होते. रंगनाथनांचे ग्रंथालयविषयक ज्ञान मुलाखतीपूर्वी विश्वकोशातील एक नोंद वाचण्यापुरते होते, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. १९२४ च्या जानेवारीत ते या पदावर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. वर्ग नाही, विद्यार्थी नाहीत, दिवसभर रिकाम्या दालनात बसून राहावयाचे, हे त्यांच्या स्वभावाला मानवेना. अध्यापनाच्या जागेवर परत घ्यावे अशी विनंती घेऊन ते महाविद्यालयात गेले. तेव्हा असे ठरले, की विद्यापीठाच्या योजनेप्रमाणे त्यांनी आधी इंग्लंडात जाऊन यावे आणि परतल्यावरही मन रमले नाही तर पूर्वीच्या जागी यावे. ज्यांना पुढे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हटले गेले त्यांचा या क्षेत्रातील प्रवेश असा नाइलाजाने झाला होता.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ग्रंथपालन विद्यालयात त्यांनी नाव घातले. तेथील अभ्यासक्रमाने त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही. वर्गीकरणाचे अध्यापक बर्विक सेयर्स यांनी मात्र या प्रौढ विद्यार्थ्याची पारख केली. सेयर्स क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे मुख्य ग्रंथपालही होते. त्यांनी रंगनाथनांना त्या ग्रंथालयात उमेदवारी करू दिली. देवघेव, तालिकीकरण, संदर्भसेवा, बालविभाग असे एकेका विभागाचे काम रंगनाथनांनी स्वतः केले. त्यानंतर त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली. मजूर, गृहिणी, मुले यांना एकाच छताखाली पुस्तके मिळतात व कपाटांपर्यंत जाण्यास कोणी त्यांना मज्जाव करीत नाही, हे दृश्य त्यांनी तेथे पाहिले. विद्यालयाने त्यांना विषयाची परिभाषा दिली, तर विषयाची निकड त्यांना या भटकंतीने पटवून दिली. १९२५ मध्ये मायदेशी परतल्यावर महाविद्यालयातील जुनी जागा त्यांनी मागितली नाही.

४

इंग्लंडातील वास्तव्यात आणखी एक गोष्ट घडली. प्रचलित वर्गीकरण-पद्धतींमध्ये प्रत्येक विषयाला आधीच ठरवून ठेवलेला एक कप्पा असे. नवा विषय निघाला, की तो कोठे बसवावा याची पंचाईत होई. लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात मेकॅनो नावाचे खेळणे रंगनाथनांनी पाहिले. मोजक्या पट्ट्या, चाके व खिळे यांच्या निरनिराळ्या जोडणीतून त्यात अनेक आकृती तयार होत. विषयही असेच घटकांच्या जोडणीतून बनविता येतील, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. मराठीत द्विबिंदू वर्गीकरण या नावाने ओळखली जाणारी पद्धती या कल्पनेतून सिद्ध झाली. परतीच्या प्रवासात जहाजावरील ग्रंथसंग्रहावर त्यांनी ती तपासून पाहिली आणि १९३३ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली.

विदर्भातील कापसावर पडणाऱ्या रोगाचा विशिष्ट काळातील प्रतिबंध, असा एखादा विषय घ्यावा. त्यात पीक, रोग, प्रतिबंधाची क्रिया, स्थल आणि काल असे अनेक पैलू गुंतलेले आहेत. रंगनाथनांची पद्धती प्रत्येक पैलूला स्वतंत्र चिन्ह देते व ती चिन्हे ठराविक क्रमाने जोडते. म्हणजे वर्गीकरणकाराला विषयाचे आधी विश्लेषण आणि नंतर संयोजन करावे लागते. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल ही पाच मूलभूत तत्त्वे त्यांनी याच दृष्टीने मांडली. दिल्लीतील वास्तव्यात, १९५२ साली निघालेल्या चौथ्या आवृत्तीत, या तत्त्वांना निश्चित स्थान मिळाले.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा साहित्यांना प्रत्येकी प्रशस्त जागा मिळाली, तर भारतीय भाषांची साहित्ये इतर साहित्यांसाठी राखलेल्या अखेरच्या भागात दाटीवाटीने बसविली गेली. मराठी साहित्याचा वर्गांक तेथे ८९१.४६ असा लांबत जातो. रंगनाथनांनी साहित्याची भाषा, रचनाप्रकार, ग्रंथकर्ता व कृती अशी क्रमवार फोड केली. त्यामुळे मराठीलाही इतर कोणत्याही भाषेइतकीच सोय व तेच विश्लेषण लाभले. ग्रंथकर्त्याचा निर्देश त्याच्या जन्मवर्षावरून करावयाचा असल्यामुळे मोरोपंत (१७२९), केशवसुत (१८६६), गडकरी (१८८५) हे कवी फळीवर आपोआप कालानुक्रमाने उभे राहतात आणि वाचकाला मराठी कवितेचा इतिहास चालता चालता दिसू लागतो. परंतु तुकारामांचा ग्रंथ हाती आला, की त्यांच्या जन्मवर्षाविषयीचा विद्वानांतील वाद ग्रंथपालाच्या मेजावर येऊन ठेपतो. साहित्येतिहासाची ओळख नसलेल्या माणसाला हे वर्गीकरण नेटके करताच येत नाही. ग्रंथपालन हा कारकुनी व्यवसाय नाही, ही रंगनाथनांची भूमिका त्यांच्या पद्धतीच्या रचनेतच अशी अंतर्भूत आहे.

५

मद्रासला परतल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे रूप पालटले. वाचकांना कपाटे खुली केली, वेळ वाढविली, संदर्भसेवेसाठी स्वतंत्र माणसे नेमली. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला व १९२९ मध्ये त्याच्या विद्यमाने ग्रंथपालांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाला. पुढे विद्यापीठाने तो स्वीकारला. याच १९२८ साली त्यांच्या प्रथम पत्नी रुक्मिणी यांचे अपघाती निधन झाले. पुढील वर्षी शारदा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या दिवशीही ते दुपारनंतर ग्रंथालयात हजर होते, असे सांगितले जाते. त्यांच्या एकनिष्ठेचा हा दाखला म्हणून सर्वत्र दिला जातो. त्या निष्ठेचा भार शारदाबाईंनी किती उचलला असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो. १९५० च्या दशकात रंगनाथनांनी आपल्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले, तेव्हा त्या अध्यासनाला शारदाबाईंचे नाव जोडण्यात आले. ही दखल उचितच होती.

१९३१ मध्ये त्यांचा पंचसूत्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथांचे प्रयोजन त्यांचा वापर व्हावा हे आहे. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक भेटला पाहिजे. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि ग्रंथालय ही सतत वाढत राहणारी सजीव संस्था आहे. ही सूत्रे इतकी सोपी आहेत, की त्यांच्यामागील श्रम सहसा ध्यानात येत नाहीत. एका गणितज्ञाने ग्रंथालयातील शेकडो विखुरलेल्या रिवाजांमागे मोजकी गृहीतके शोधली आणि प्रत्येक रिवाज त्यांवर घासून पाहिला, हे त्या ग्रंथाचे खरे वैशिष्ट्य. साखळदंडाने बांधलेली पुस्तके, बंद कपाटे, कामकरी माणसाला गैरसोयीच्या वेळा या साऱ्या गोष्टी पहिल्याच सूत्रापुढे सदोष ठरतात.

६

१९४५ मध्ये मद्रास सोडल्यावर त्यांनी दोन वर्षे काशी हिंदू विद्यापीठात काढली. तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी मुख्यतः स्वतःच्या हातांनी केले. त्यानंतरची दिल्लीतील वर्षे हा त्यांच्या अध्यापकीय जीवनाचा उत्कर्षकाळ होय. येथे पदविका, पदवी व पदव्युत्तर पदवी अशी शिक्षणाची श्रेणी उभी राहिली आणि संशोधनाधारित पीएच. डी. ची वाट खुली झाली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली डी. बी. कृष्णराव यांनी कृषिविषयाच्या वर्गीकरणावर केलेल्या प्रबंधाला १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पदवी मिळाली. या विषयातील ती भारतातील पहिली पीएच. डी. होय. १९५१ मध्ये त्यांनी ग्रंथालय-संशोधन मंडळ सुरू केले. ग्रंथालयांत काम करणारे तरुण तेथे जमत, आपल्या कामातील अडचणी मांडत व त्यांवर चर्चा करीत. अडचण प्रत्यक्ष कामातली आणि चर्चा सिद्धांताची, असा तेथील शिरस्ता होता. क्रॉयडनमध्ये जे त्यांनी एकट्याने केले होते, त्याला दिल्लीत सामूहिक रूप आले.

हा काळ राजधानीतील ग्रंथालय-जीवनाच्याही जडणघडणीचा होता. १९५१ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. १९५२ मध्ये शास्त्रीय प्रलेखनाचे राष्ट्रीय केंद्र, इन्सडॉक, स्थापन झाले. सार्वजनिक ग्रंथालयांना कायद्याचा आधार हवा व त्यांच्या खर्चासाठी ग्रंथालय-कर हवा, हा रंगनाथनांचा आग्रह जुना होता. १९४८ चा मद्रासचा कायदा हे त्याचे पहिले मोठे फळ. महाराष्ट्राने १९६७ मध्ये कायदा केला, परंतु तो करावाचून.

त्यांचा प्रत्येक आग्रह मान्य झाला असे नाही. त्यांच्या वर्गीकरण-पद्धतीत आवृत्तीगणिक बदल होत गेले. आधी लावलेले ग्रंथ पुनःपुन्हा नव्याने लावणे कोणत्याही ग्रंथालयाला परवडणारे नव्हते. त्यांची परिभाषा बोजड होती व मतभेद सहन करण्याची त्यांची तयारी बेताचीच होती. परिणामी भारतातील बहुसंख्य ग्रंथालये ड्यूईच्याच पद्धतीवर चालत राहिली. तथापि पद्धती मागे पडली तरी तिच्यातील तत्त्व मागे पडले नाही. इंग्लंडात १९५२ मध्ये स्थापन झालेल्या वर्गीकरण-संशोधन गटाने पैलू-विश्लेषणाचा स्वीकार केला. आज संगणकावर एखादा ग्रंथसंग्रह धुंडाळताना भाषा, काळ, विषय, प्रकार अशा चाळण्या एकामागून एक लावल्या जातात, तेव्हा त्यांमागे याच विचाराशी जुळणारी दृष्टी असते.

दिल्लीनंतर काही काळ ते झुरिकमध्ये राहिले. १९५७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली व त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान मंडळाच्या ग्रंथालय समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले, १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. दर वर्षीचा १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

७

या चरित्राचा आजच्या विद्यार्थ्याला लाभणारा बोध स्मरणदिनाच्या हारांपुरता नाही. दूरस्थ शिक्षणाला कमी लेखण्याचे कारण रंगनाथनांच्या चरित्रात सापडत नाही. वर्ग हा त्यांच्याही शिक्षणाचा लहानसाच भाग होता. परंतु वर्गाची उणीव त्यांनी ज्याने भरून काढली, ते भरून काढण्याची जबाबदारी दूरस्थ विद्यार्थ्यावर कितीतरी अधिक येते. वर्गात बसणाऱ्याला निदान विद्यापीठाचे ग्रंथालय शेजारी असते. पडद्यावर शिकणाऱ्याला आपले क्रॉयडन स्वतःच शोधावे लागते.

हे अशक्य नाही. घराजवळचे एखादे शाळेचे, वसाहतीचे किंवा नगरपालिकेचे ग्रंथालयही त्यासाठी पुरेसे आहे. मात्र तेथे वाचक म्हणून बसणे पुरत नाही. परवानगी घेऊन दाखलनोंदीपासून संदर्भसेवेपर्यंतचे एकेक काम आपल्या हातांनी करावयास हवे. संगणकाने सुचविलेला वर्गांक स्वीकारण्यापूर्वी निदान शंभर ग्रंथांचे वर्गीकरण स्वतः करून पाहावयास हवे, म्हणजे यंत्राची चूक कोठे होते हे कळते. दिल्लीच्या विद्यार्थ्याला तर पाहण्याजोग्या ग्रंथालयांची वाण नाही. जुन्या दिल्ली स्थानकासमोरील सार्वजनिक ग्रंथालयात सामान्य वाचक भेटतो, तर रवींद्र भवनातील साहित्य अकादमीच्या ग्रंथालयात मराठीसह अनेक भारतीय भाषांचे ग्रंथ एका छताखाली पाहावयास मिळतात. भारतीय साहित्यांचे वर्गीकरण हा पुस्तकी प्रश्न नाही, हे तेथे थोड्याच वेळात पटते. आणि एकट्याने शिकणाऱ्या चारपाच जणांनी महिन्यातून एकदा एकत्र येऊन आपापल्या अडचणी मांडल्या, तर १९५१ च्या त्या मंडळाचे लहानसे रूप आजही उभे राहू शकते.

या साऱ्यात पणाला लागलेली गोष्ट केवळ एका पदवीची नाही. ग्रंथालयापासून दूर राहून मिळविलेले प्रमाणपत्र घेऊन जो ग्रंथपाल होईल, त्याच्या स्वाधीन उद्या एखाद्या भाषेचा संचित ठेवा असणार आहे. चुकीच्या जागी ठेवलेला ग्रंथ वाचकाच्या दृष्टीने हरवल्यासारखाच असतो. अनिच्छेने या व्यवसायात आलेल्या एका गणिताच्या अध्यापकाने वाचक आणि ग्रंथ यांची भेट घडविणे हेच आपले जीवितकार्य मानले, ते ग्रंथालयाच्या दालनात उभे राहून वाचकांकडे पाहिल्यानंतर. त्यांच्या शास्त्राची पहिली पायरी तीच होती, आणि दूरवरून शिकणाऱ्यालाही ती चुकविता येणारी नाही.